तिसरा श्वास

रेडिओग्राफीच्या कॉलेजात पोरं त्यांना पाठीमागे ‘धरासर’ म्हणतात. ‘श्वास घ्या, धरा’ हे त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय की नातीला उचलून घेतानाही ते ‘धर’ म्हणतात, असं त्यांची सून सांगते.

छातीचा एक्स-रे काढायची सरांची एक पद्धत होती. पेशंटला आधी दोन श्वास सरावाचे घ्यायला लावायचे आणि तिसऱ्याला बटण दाबायचं. फुप्फुसं नीट भरली नाहीत तर चित्र बिघडतं, पुन्हा काढावं लागतं आणि माणसाला विनाकारण दुप्पट किरण बसतात. तीन श्वासांनी हे टळतं, असं सर वर्षानुवर्षं शिकवत आले. त्यांचे विद्यार्थी जिथे जिथे नोकरीला लागले तिथे हेच करत होते. तपासून कुणीच पाहिलं नव्हतं.

मग अभ्यासक्रमात संशोधनपद्धती हा विषय आला आणि कुणालाच नको म्हणून सरांच्या गळ्यात पडला. तोवर प्रकल्प म्हणजे मागच्या बॅचचं बाड. वरचं नाव बदलायचं, आभार तेवढे स्वतःच्या आईवडिलांचे मानायचे. सर एक प्रशिक्षण घेऊन आले आणि वर्गात म्हणाले की बाहेरच्या मासिकांतले लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आपल्याकडे यंत्र एकच; तेव्हा आपल्याच एक्स-रेच्या खोलीत उत्तर मिळेल असा प्रश्न शोधा.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने शोधला: तीन श्वास बरे की एकच? सरांनी लगेच होकार दिला. मैत्रिणींनी तिला पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस म्हणून बजावलं.

निष्कर्ष घेऊन ती आली तेव्हा दोन्ही पद्धती बरोबरीत होत्या. सरांनी तक्ता वाचला, चष्मा काढला.

“छातीच्या ओपीडीतले म्हातारे कुठे गेले?”

त्यांना नीट उभं राहता येत नाही म्हणून वगळले, असं ती म्हणाली.

“त्यांचे आपण बसवून काढतो. खरं सांग.”

खरं असं होतं की धाप लागणारी म्हातारी माणसं सरावाच्या दोन श्वासांतच दमत. तिसरा तोकडा पडे. त्यांची चित्रं सरांच्या पद्धतीनेच जास्त बिघडत होती.

“तुमचं नाव खराब झालं असतं, सर. तरुणांचं बरोबरीत सुटत होतं, म्हणून तेवढंच ठेवलं.”

“अगं, तुला मोजायला सांगितलं होतं. मान राखायला कुणी सांगितलं?”

वगळलेले सगळे परत घ्यायला सांगून त्यांनी तिला पाठवलं. घरी बायकोला सांगितलं. ती वॉर्डात नर्स होती. भाजी चिरता चिरता तिने आठवण करून दिली की म्हातारी माणसं एक्स-रेच्या खोलीतून जास्तच धापा टाकत परततात, हे तिने पूर्वीच सांगितलं होतं, आणि आजारच तसा आहे, असं सर म्हणाले होते.

सादरीकरणाला विभागप्रमुख, डॉक्टर आणि सरांचे जुने विद्यार्थी आले होते. शेवटचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा विभागप्रमुखांनी विचारलं, ही पद्धत मुळात सुरू कुणी केली? मुलगी कागद चाळू लागली. मागच्या रांगेतून सर उठले आणि ‘मी’ म्हणाले. मग खाली न बसता त्यांनीच मुलीला विचारलं,

“चित्र बिघडलं की नाही हे ज्याने ठरवलं, त्याला ते कोणत्या पद्धतीने काढलंय हे माहीत होतं?”

प्रश्न रास्त होता, आणि सरांना सुटायला तेवढी एकच वाट उरली होती.

“नव्हतं, सर. दुसऱ्या विभागातल्या डॉक्टरांकडून तपासून घेतली. त्यांना पद्धत सांगितली नव्हती.”

“मग बरोबर आहे,” असं म्हणून सर खाली बसले.

आता छातीच्या ओपीडीत म्हाताऱ्यांना एकच श्वास घ्यायला सांगतात. तरुण पेशंट आला तर सर अजूनही तीन घ्यायला लावतात. सवय, म्हणतात. त्याने फायदा होत नाही, पण नुकसानही होत नाही, एवढं आता मोजून झालंय.