सात नंबरचे आबा

बारामतीच्या ज्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तिथं पुरुषांच्या वॉर्डात कुणाला नावानं हाक मारत नसत. वडीलधाऱ्याचं नाव घ्यायचं कसं? म्हणून सगळे आबा, नाहीतर तात्या. ओळख काय ती खाटेच्या नंबरावरून. पहिल्याच महिन्यात मी एका आबांची गोळी दुसऱ्याच आबांना दिली. गोळी साधी ताकदीची होती, म्हणून निभावलं. पण ती चूक मी विसरले नाही.

तेव्हापासून मी हट्टच धरला. औषध देण्याआधी विचारायचं, "पूर्ण नाव सांगा, गाव सांगा," आणि केसपेपरशी ताडून बघायचं. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "आल्या जनगणनेवाल्या बाई." मी मुळात हट्टी, त्यात कुणी हसलं की आणखीच. ऑपरेशनसाठी आलेले सणसरचे एक आबा तर रोज भांडायचे.

"सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं. तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय का गं?"

"नाही राहत, आबा. परत सांगा."

त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी समोरच्या खाटेवर एकाचं बीपी बघत होते. मोठ्या सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन सात नंबरपाशी आल्या. सात नंबरला शुगरचे पेशंट होते, माळेगावचे आबा. पण त्यांना डोक्यावरचा पंखा सोसेना, म्हणून सणसरच्या आबांनी मोठ्या मनानं खाट बदलून दिली होती. दोघांनी आपसात मिटवलं आणि आम्हाला कुणालाच सांगितलं नाही.

"आबा, हात द्या."

त्यांनी बाही वर केली, आणि हात मागं घेतला.

"आदी नाव इचारा की. ती पोरगी इचारती."

सिस्टर हसल्या. "बरं, सांगा."

आबांनी पूर्ण नाव सांगितलं, गाव सणसर सांगितलं. सिस्टरच्या हातातल्या कागदावर माळेगाव होतं. त्यांचं हसू तिथंच थांबलं. शुगर नसलेल्या, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाला तो डोस गेला असता, तर आबांच्या जिवावरच बेतलं असतं.

सिस्टरनी इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं. आठ नंबरला गेल्या आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा, पूर्ण नाव सांगा. गाव सांगा." मला इतका आनंद झाला की बीपीचा आकडा विसरले आणि पट्टा पुन्हा बांधावा लागला.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी जायच्या दिवशी मी गोळ्या घेऊन गेले, तर मी विचारायच्या आधीच आबांनी नाव-गाव सांगून टाकलं. मग म्हणाले, "आता तुझं सांग. पूर्ण."

मी नाव सांगितलं, गाव लोणी देवकर सांगितलं.

"परत सांग," आबा म्हणाले. "घरी गेल्यावर सांगताना चुकाया नगं."