करिश्माचा लॅपटॉप

हे मी आजवर कुणाजवळ उघडं केलेलं नाही. बायकोला सांगितलेलं नाही, आणि ज्या मित्राजवळ पोटातलं सगळं ओकतो त्यालाही नाही. तसं बघितलं तर फार मोठं काही नाही — खून नाही, चोरी नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. तरी सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी लाखनीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तेव्हा तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जितके तास घेतले तितकेच तास सर, उरलेल्या वेळी कोण ते कॉलेजलाही माहीत नसायचं. पण मुलं मला ‘एररवाले सर’ म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं — आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? कुणाचा प्रोग्राम अडला, स्क्रीनवर एररच्या ओळी धावायला लागल्या, की मला बोलावणं यायचं. मी जायचो, मान तिरपी करून बघायचो, दोन कळा दाबायचो. माझा एकच मंत्र होता — शेवटची ओळ वाचू नका. शेवटची ओळ फक्त काम थांबलं एवढंच सांगते. का थांबलं, ते वर असतं. वर जा, आणखी वर जा, पहिली एरर शोधा. हा मंत्र मी अजूनही दर वर्षी नव्या वर्गाला देतो.

आणि बघा ना, मी स्वतः अजून शेवटच्याच ओळीवर घुटमळतोय.

करिश्मा शेवटच्या वर्षाला होती. तलावाकाठच्या एका गावातून बसनं यायची. घर ढिवरांचं, वडील तलावात मासेमारी करत. गावच्या मच्छीमार सोसायटीत त्यांच्याकडे आणखी एक काम होतं — बीज मोजण्याचं. पावसाळ्यात तलावात सोडायला माशांचं बीज येतं. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांमधून, हजारोंनी. ती एकेक करून कोण मोजणार? म्हणून एक गाळणीची वाटी भरून तेवढी मोजायची, आणि पुढं नुसत्या वाट्या मोजायच्या. ती वाटी करिश्माच्या वडिलांच्या हातात असे. मग वाटीत पाणी किती राहिलं, वाटी गच्च भरली की सैल, यावरून दरवर्षी कुजबुज. बीजवाल्याशी याचं साटंलोटं आहे, असंही कुणीतरी बोलून जायचं. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, त्यामुळे त्यांना उत्तरही देता येत नसे.

तिच्या प्रोजेक्टचा विषय तिथून आला होता. बीज परातीत पसरायचं, मोबाइलनं फोटो काढायचा आणि परातीत किती पिल्लं आहेत ते कॉम्प्युटरनं मोजायचं. बाकीची मुलं वरच्या वर्गाकडून वारशानं मिळालेलं मेडिकल दुकानाचं बिलिंग नाव बदलून आणत होती. ही पोरगी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाजवळ उभी राहून म्हणाली, “बाबाची वाटी खरी का खोटी, एकदा सगळ्यायच्या समोर होऊन जाऊ द्या, सर.” सोसायटीच्या सचिवांनाही तिनं विचारून ठेवलं होतं. येत्या हंगामात बीज येईल त्या दिवशी वाटीही मोजेल आणि हिचं यंत्रही मोजेल, असं ठरलं होतं.

मी स्टाफरूममध्ये दोघातिघांना तिचं कौतुक सांगितलं. त्यात ‘माझी विद्यार्थिनी’ हे शब्द जरा जास्तच वेळा आले असतील.

फोटो वाचायला एक लायब्ररी लागते — पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या लोकांनी आधीच लिहून ठेवलेला कामाचा कोड, त्याला लायब्ररी म्हणतात. करिश्माचा लॅपटॉप मामानं वापरून दिलेला, जुन्या बनावटीचा. त्याच्यासाठी ती तयार मिळेना, नुसता सोर्स मिळाला. आपल्या भागातल्या माणसाला सांगायचं तर सोर्स म्हणजे धान. तांदूळ हवा असेल तर भरडून घ्या. भरडणारी गिरणी म्हणजे कंपायलर. तिनं मोबाइलच्या नेटवर ते धान उतरवून घेतलं आणि एका सकाळी लॅबमध्ये गिरणी सुरू केली. टक्क्याटक्क्यानं काम पुढं सरकत होतं, पंखा घरघरत होता, आणि ती दुसऱ्या तासालाही न जाता त्याच्यासमोर बसून होती. दुपारी ते थांबलं.

“सर, हे काहून थांबून राहिलं?”

मी गेलो. मान तिरपी केली. मंत्राप्रमाणे वर गेलो, आणखी वर गेलो, आणि पहिली एरर सापडलीही. फोटोंच्या एका प्रकारासाठी लागणारी हेडर फाइल मिळत नाही, असं कंपायलर म्हणत होता. हात्तिच्या! मी म्हटलं, त्या प्रकारचे फोटो उघडणारं सॉफ्टवेअर नसेल, टाकून देऊ. तपासलं — तर ते मशीनमध्ये होतं. आहे, आणि तरी मिळत नाही? पुन्हा चालवलं. पुन्हा तिथंच अडलं. मी आणखी काहीतरी दाबलं. ते कशासाठी दाबलं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

तोवर माझ्यामागे सातआठ मुलं जमली होती. एररवाले सर काय करतात ते बघायला.

“मला माहीत नाही. उद्या बघून सांगतो.” — एवढंच म्हणायचं होतं. काय गेलं असतं माझं? दाराजवळ माझा एक सहकारी उभा होता, तोही तासिकेवरचाच. पुढच्या वर्षी आमच्यापैकी एकालाच ठेवतील अशी हवा होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तो तिथं नसता तरी मी तेच केलं असतं, असं मला वाटतं.

मी म्हणालो, “लॅपटॉप जुना आहे, करिश्मा. याच्यात हे होणारच नाही. उगाच वेळ घालवू नको, विषय बदल.”

नाचता येईना, अंगण वाकडं. लहानपणी आई ही म्हण मला पाच कामांत चार वेळा ऐकवायची.

करिश्मानं माझ्याकडे बघितलं नाही, लॅपटॉपकडे बघितलं. “बरं, सर,” म्हणाली आणि माशाचं स्टिकर चिकटवलेलं झाकण हळूच लावलं. मागची मुलं पांगली. एकानं जाता जाता म्हटलं, सरनं पाहताबरोबर ओळखलं. मी ते ऐकलं, आणि — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं.

इथवर असतं, तर मी हे तुम्हाला सांगत बसलो नसतो. माहीत नव्हतं, चुकलो. मास्तर लोकांचं असं होतं. पण इथवर नाही ना.

आठवडाभरात मला उत्तर सापडलं. मला चैन पडत नव्हती, म्हणून लॅबच्या एका जुन्या मशीनवर मी तोच सोर्स उतरवला, तीच एरर आणली आणि शांतपणे बसून वाचलं. गोष्ट अगदी साधी होती. सॉफ्टवेअर मशीनमध्ये असलं तरी त्याच्या हेडर फायली वेगळ्या पाकिटातून येतात. ज्याला स्वतः कंपाइल करायचं असतं त्यालाच त्या लागतात. घर तर होतं, पण दारावर नावाची पाटी नव्हती, आणि कंपायलर पाटी वाचल्याशिवाय आत जात नाही. ती पाटी आणायला एक ओळ टाइप करावी लागते. मी ती टाइप केली. चहा पिऊन येईपर्यंत अडलेली जागा ओलांडून गिरणी पुढं निघूनही गेली होती. ते मशीन तिच्या लॅपटॉपपेक्षा नवं नव्हतं.

प्रोजेक्ट जमा करायला तेव्हा महिनाभर अवकाश होता. बीज यायला तर त्याहून जास्त.

मी उठलो आणि लॅबच्या दुसऱ्या टोकाला गेलो. करिश्मा तिथंच बसली होती, मेडिकल दुकानाचं बिलिंग करत. गोळ्यांची नावं टाइप करत होती. मी तिच्या मागं उभा राहिलो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, खरंच होतं. तिनं वळून बघितलं, आणि मी विचारलं, “होऊन राहिलं ना?”

“होऊन राहिलं, सर.”

मी परत फिरलो. का? मला वाटलं, आता सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलं म्हणतील, यालाच येत नव्हतं, आणि ढकललं लॅपटॉपवर. म्हटलं, उद्या ती एकटी असताना सांगू. उद्या ती एकटी नव्हती. नंतर एकदा होती, तेव्हा म्हटलं, आता बिलिंग अर्धं झालंय, कशाला पोरीला गोंधळात टाका. बघा, मी तिची काळजीसुद्धा करायला लागलो होतो.

त्या पावसाळ्यात बीज आलं. यंत्र नव्हतं, नुसती वाटी होती. सोसायटीतल्या कुणीतरी हसून म्हटलं म्हणे, पोरीचं मशीन कुठं गेलं, का तेही बापाच्याच बाजूनं मोजत होतं? करिश्माच्या वडिलांनी वाटी सचिवांच्या पुढ्यात ठेवली. ज्याले मोजायचं त्यानं मोजा, म्हणाले, आणि घरी गेले. हे मला तिच्याच गावच्या एका मुलानं सांगितलं, गंमत म्हणून. मीही हसलो असेन.

करिश्मा पास झाली. पुढं शिकायचं म्हणत होती, ते तिनं सोडलं. कॉम्प्युटरच्या आत शिरायचं काम आपलं नाही, असं मैत्रिणींना म्हणाली, हेही माझ्या कानावर आलं. मला मात्र तासिका मिळत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात मी पवनीला गेलो होतो, साळ्याच्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. काही कागदांची झेरॉक्स हवी होती, म्हणून बाजारातल्या एका दुकानात शिरलो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. काउंटरमागं करिश्मा. तिनं लगेच ओळखलं. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आत काम करणाऱ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. आणि काउंटरवर तोच लॅपटॉप होता. झाकणावरचं माशाचं स्टिकर अर्धं निघालेलं, पंखा घरघरतोय.

मी वडिलांबद्दल विचारलं. बरे आहेत, म्हणाली. पण बीजाच्या दिवशी आता तलावाकडं फिरकत नाहीत. मग नवऱ्याकडं वळून तिनं माझी ओळख करून दिली.

“हे माह्ये सर. बाकीचे सर नुसते पाहू-पाहू म्हणत. यायनं मले एका घडीत खरं सांगून देलं, झुलवत नाही ठेवलं.”

नवऱ्यानं हात जोडले. मीही जोडले. दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं, मागं मुलं जमलेली नव्हती, दाराशी सहकारी नव्हता. माझ्या हातात चहाचा कप होता आणि समोर तो लॅपटॉप.

करिश्मानं त्याच्यावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. हसून म्हणाली, “याच्यानं तेवढं एकच काम नाही झालं, सर. बाकी सारं करते.”

आणि मी म्हणालो, “जुना झाला ना आता तो.”

चहा संपवला, झेरॉक्स घेतल्या. तिनं पैसे घेतले नाहीत. मी साक्षगंधाला गेलो आणि पंगतीत बसून जेवलो.