चहा वर, माणसं खाली

बुधवार, सकाळचे सहा वाजून चार मिनिटं. बाईंनी रिकामी लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली, मध्येच थांबवून ब्रेक धरतो की नाही ते पाहिलं, खाली आणली आणि दाराची कडी दोनदा ओढून बघितली. मग वही उघडून तारीख टाकली. सहा दहाला पहिली खेप आत शिरली. सुतारांचा मुकादम आणि त्याची माणसं.

"सोळा झाले. तू थांब," त्यांनी सतराव्याला सांगितलं.

"बाई, मी बारीक आहे."

"बारीक माणसाचंही डोकं एकच असतं. पुढच्या फेरीला ये."

ही लिफ्ट म्हणजे चालू बांधकामाच्या बाहेरच्या अंगाला उभा केलेला लोखंडी पिंजरा. इमारत छत्तीस मजल्यांची व्हायची आहे, सत्तावीस झाले आहेत. मोठं सामान क्रेन उचलते, काँक्रीट पंपाने चढतं. बाकी सगळं, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसं, बांधणीची तार, वायरींच्या नळ्या, खिळ्यांच्या पेट्या, या एका पिंजऱ्यातून वर जातं. एक फेरी सहा मिनिटांची.

बाई एक्कावन्न वर्षांच्या आहेत. लिफ्टवर येण्याआधी त्या अकरा वर्षं शहर बससेवेत कंडक्टर होत्या. त्यांचा मार्ग बंद पडला तेव्हा त्यांनी लिफ्ट चालवायचा परवाना काढला. साईटवर त्यांना सगळे 'कंडक्टरबाई' म्हणतात आणि नाव चिकटायला कारण आहे. फेरी, मजला, वर किती, खाली किती, हे त्या अजूनही वहीत लिहितात. कोणी मागितलेलं नाही. "डेपोत रोज संध्याकाळी विचारायचे, परतीची फेरी रिकामी का आली म्हणून," त्या सांगतात. "इथे कोणी विचारत नाही. पण लिहिल्याशिवाय मला जेवण जात नाही."

मागच्या आठवड्यात त्या अडचणीत आल्या तेव्हा हीच वही कामी आली.

काम अकरा दिवस मागे होतं. एक स्लॅब सात दिवसांत व्हायला हवा, तो नऊ दिवस घेत होता. प्रकल्पाचे मुख्य व्यवस्थापक, ज्यांना सगळे 'मोठे साहेब' म्हणतात, त्यांनी ठरवलं की नव्वद माणसं वाढवायची. माणसं वाढली की एका पाळीत मावणार नाहीत, म्हणजे रात्रपाळी आली. रात्री माणसांची लिफ्ट चालवायला काही वर्षं जुना परवाना लागतो. दुपारी अडीचनंतर लिफ्ट सांभाळणाऱ्या पोराचा परवाना नवा होता; जुना साईटवर एकट्या बाईंकडे होता.

रात्रपाळीचं त्यांना भय नव्हतं. हिशेब घरचा होता. त्यांचे यजमान शिंपी आहेत. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते मशीन चालवतात, बेततात, पण सुईत दोरा ओवता येत नाही. बटणं आणि हातशिलाई बाई करतात. दुपारी अडीचला सुटून, पावणेचार ते सात. एका शाळेच्या एकशे चाळीस शर्टांची ऑर्डर त्यांनी नुकतीच घेतली होती. शर्टाला सात बटणं, म्हणजे नऊशे ऐंशी. रात्रपाळी लागली की बाई दिवसा झोपणार आणि शर्ट बिनबटणांचे शाळेत जाणार. नाहीतर ऑर्डर परत करायची. पाच वर्षांत आलेली पहिली मोठी ऑर्डर.

म्हणून गेल्या गुरुवारी त्या वही घेऊन प्लॅनिंगच्या इंजिनिअरसमोर उभ्या राहिल्या. हा चौतिशीचा माणूस दिवसभर कॉम्प्युटरवर तक्ते करतो. साईटवर त्याचं नाव 'एक्सेल'. त्याला ते माहीत आहे आणि राग नाही.

"साहेब, ही नव्वद माणसं वर नेणार कोण?"

"तुम्हीच, बाई."

"मग बघा. आत्ता अठरा फेऱ्यांत सगळे वर जातात. शेवटची फेरी सुटायला आठ वाजतात. नव्वद वाढले की सहा फेऱ्या वाढल्या. साडेआठ. तोवर माल खालीच. आणि मग दहाला सगळे परत खाली."

एक्सेलने वहीतले आकडे तक्त्यात घातले. सगळी माणसं सहाला हजेरी लावत होती आणि मग रांगेत उभी राहत होती. माणशी सरासरी चोपन्न मिनिटं. दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसांची चोपन्न मिनिटं एकत्र केली तर बत्तीस माणसांचा पूर्ण दिवस भरतो. म्हणजे रोज बत्तीस माणसं काहीही न करता लिफ्टसमोर उभी होती आणि त्यांची मजुरी चालू होती. नव्वद वाढवली तर उभ्या माणसांची संख्या सत्तावन्न होत होती.

"म्हणजे नव्वद आणली तर त्यातली पंचवीस रांगेतच खपणार," तो म्हणाला.

"मी तेच म्हणत होते. मला फक्त एवढं कॉम्प्युटरात म्हणता येत नाही."

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांना वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी एक आठवडा दिला. अठ्ठाविसाव्या मजल्याचा स्लॅब शनिवारी संध्याकाळपर्यंत भरला तर नव्वद माणसं रद्द. नाही भरला तर पुढच्या सोमवारपासून माणसं आणि रात्रपाळी, दोन्ही.

बाईंच्या योजनेचे दोन भाग होते. पहिला हजेरीचा. सगळ्यांनी सहाला यायचं नाही. सुतार सहाला, लोखंड बांधणारे साडेसहाला, प्लंबर सातला, रंगारी साडेसातला, आणि जो उशिरा येईल तो तेवढाच उशिरा सुटेल. सोमवारी हे सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी रांग मोडली. फेऱ्या तितक्याच, पण पाऊण तास उभं राहणारं कोणी नव्हतं.

दुसरा भाग चहाचा. वही सांगत होती की दहा ते अकरा लिफ्ट नुसती माणसं खाली आणण्यात आणि वर नेण्यात जाते. मालाची फेरी जेमतेम एक. माणसांना विचारलं तर उत्तर एकच, "चहाला, बाई." मग चहाच वर पाठवू, असं बाईंनी सुचवलं. कँटीनवाल्याने मोठे थर्मास आणले. सोमवारी पावणेदहाला चहा चौदाव्या आणि पंचविसाव्या मजल्यावर पोहोचला. गरम होता, फुकट होता. लोकांनी दोन-दोन कप घेतले.

आणि दहाला खाली यायला निघाले.

चहा पाठवायच्या आधीच्या शनिवारी दहा ते अकरा खाली उतरलेली माणसं होती एकशे अठरा. सोमवारी एकशे एकवीस. मंगळवारी एकशे सत्तावीस. बुधवारी, ज्या दिवसापासून ही हकीगत सुरू झाली, त्या दिवशी अकरा वाजता बाईंनी बेरीज केली ती एकशे एकतीस आली. त्यांनी दोनदा केली. चहा वर जात होता आणि माणसं आधीपेक्षा जास्त खाली येत होती.

सव्वाअकराला लोखंड बांधणाऱ्यांमधला एक वयस्कर फिटर वर जायला आला. पिंजऱ्यात तो एकटाच होता. बाईंनी लिफ्ट सुरू केली नाही.

"काका, खरं सांगा. चहा वाईट आहे का?"

"छान आहे की. आलं आहे, साखर आहे."

"मग खाली कशाला येता?"

फिटरने पक्कड या हातातून त्या हातात घेतली. "बाई, आता तुम्हीच विचारताय म्हणून सांगतो. चहा तुम्ही वर पाठवलात. तो ओतायला कुठे पाठवणार?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

साईटवरचे सगळे संडास तळमजल्यावर होते, लिफ्टच्या पायापासून वीस पावलांवर. दर सहा मिनिटांनी जमिनीला लागणाऱ्या बाईंना ते कधी लांब वाटले नव्हते. आणि लिफ्ट चालवणाऱ्या बाईमाणसाला "कशाला उतरताय" याचं उत्तर 'चहाला' असंच द्यायचं, हे दोनशे पुरुषांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही तोंडाने बोलला असतात तर माझे तीन दिवस वाचले असते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मावशीच्या वयाच्या. कसं बोलायचं?"

"मावशीला होत नाही का?"

फिटर हसला आणि मग एक गोष्ट सांगून गेला, जी बाईंनी वहीत लिहिली नाही. वरच्या स्लॅबवर पाणी मारणाऱ्या चार बायका आहेत. त्या दहाच्या गर्दीत पुरुषांबरोबर खाली येत नाहीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतात. आणि थांबता यावं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. या चौघींना बाई रोज वर नेत होत्या. वहीत त्या 'वर ४' अशा होत्या.

साडेअकराला एक्सेलला गाठलं, बाराला दोघं मोठ्या साहेबांकडे.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "अठ्ठाविसाव्या मजल्यापर्यंत पोहोचलो आणि घोडं अडलंय कुठे, तर संडासात."

"हो साहेब."

"आणि हे मला तीन इंजिनिअर आणि एक सल्लागार असून कोणी सांगितलं नाही."

"त्यांचं ऑफिस तळमजल्यावर आहे, साहेब," बाई म्हणाल्या. एक्सेलने खिडकीबाहेर पाहिलं.

फिरत्या संडासाच्या केबिन भाड्याने मिळतात. एक्सेलने दर काढला. तीन केबिनचं महिन्याचं भाडं नव्वद माणसांच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी होतं. साहेबांनी सही केली. केबिन त्याच संध्याकाळी आल्या, पण पिंजऱ्याच्या दारातून जाईनात; चार बोटं कमी पडली. क्रेनने उचलाव्या लागणार होत्या, आणि क्रेन शनिवारपर्यंत लोखंडासाठी बांधलेली होती. तिचा एक तास घेतला तर स्लॅब एक तास मागे जाणार.

बाईंनी वॉकीटॉकीवर क्रेनवाल्याला विचारलं. हा माणूस सकाळी वर चढतो तो दुपारी तीनला उतरतो. साईटवर त्याचा फक्त आवाज ओळखीचा.

"बारा चाळीसला सगळे जेवायला बसतात," आवाज आला. "तेव्हा घेतो. मी मागून जेवीन."

"उपकार झाले, दादा."

"उपकार कसले. मला विचारलं असतंत तर सोमवारीच सांगितलं असतं. मी चार वर्षं बाटली घेऊन चढतोय."

त्याच्यासाठी काही करता आलं नाही. क्रेनच्या खोलीत केबिन मावत नाही.

गुरुवारी बारा चाळीस ते एक वीस. एक केबिन चौदाव्या मजल्यावर, दोन पंचविसाव्यावर. पंचविसाव्यावरच्या एका दारावर बाईंनी स्वतः रंगाऱ्याकडून 'फक्त बायका' लिहून घेतलं आणि आतल्या कडीला जोर लावून पाहिला, लिफ्टच्या दाराला लावतात तसाच.

शुक्रवारी दहा ते अकरा खाली उतरलेली माणसं अडतीस. मालाच्या फेऱ्या सात. सुतारांना खिळे आणि इलेक्ट्रिशियनना नळ्या मागितल्या वेळी मिळाल्या, हे त्या साईटवर बऱ्याच महिन्यांनी घडत होतं. सुतारांचा मुकादम उतरताना म्हणाला, "ताई, आज माझ्या लोकांना बसायला कारणच सापडलं नाही." ही तक्रार होती की शाबासकी, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

स्लॅबचं काँक्रीट शनिवारी सकाळी पावणेदहाला सुरू झालं आणि दुपारी चार पस्तीसला संपलं. बाई पाळी संपूनही थांबल्या होत्या. उशीर अकरा दिवसांचाच राहिला. कमी झाला नाही, वाढलाही नाही. मागच्या चार स्लॅबनंतर तो पहिल्यांदाच वाढला नव्हता. मोठे साहेब लिफ्टने खाली आले तेव्हा बुटांना काँक्रीट लागलेलं होतं.

"वीस सुतार तेवढे वाढवतो," ते म्हणाले. "बाकीचे सत्तर राहू देत. रात्रपाळी नको."

"वीस म्हणजे दोन फेऱ्या," बाई म्हणाल्या. "एक भरलेली, एकात चार."

"मग सोळाच घेऊ?"

"घ्या. एक फेरी भरेल."

साहेबांनी मान हलवली आणि निघाले. वळून म्हणाले, "ती वही दर शनिवारी एक्सेलकडे देत जा." म्हणजे ते टोपणनाव साहेबांनाही माहीत होतं.

रविवारी दुपारी पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. यजमान बाह्या जोडत होते. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर शर्ट, शेजारी बटणांचा डबा.

"किती झाली?" यजमानांनी न बघता विचारलं.

"चारशे सहा."

"मोजतेस कशाला? शर्ट मोज की."

"शर्टात एखादं राहून जातं. बटण मोजलं की नाही राहत." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तुम्ही पण अधूनमधून उठत जा. सकाळपासून एकदाही उठला नाहीत."

"मला काही लागलं नाही."

"पाणी प्यालात का?"

मशीन थांबलं. ते उठले आणि माठाकडे गेले.

संध्याकाळी बाईंनी उद्याचं पान आखून ठेवलं. पहिली फेरी सहा दहाला, सोळा सुतार, थेट अठ्ठाविसावा मजला. नवे सोळा सहा सोळाला. चहा पावणेदहाला. पाणी मारणाऱ्या चौघी सात पन्नासला, पंचविसावा मजला, सोबत पिण्याच्या पाण्याचा एक वीस लिटरचा कॅन.