देंग शिंप्याच्या चौकशीची पत्रं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. "सर, ह्यांनी सकाळपास्नं चहाला हात लावला न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढचं मला कळलं. सुभेदार शंकरराव, सांगलीजवळच्या माधवनगरातले माझे शेजारी, गेले त्याला आता सहा आठवडे झाले. दहाव्याला तीन भाषणं झाली. एका वक्त्याने त्यांना सरहद्दीवर लढवलं, दुसऱ्याने बर्फात उभं केलं. शंकरराव या दोन्ही ठिकाणी कधी गेले नव्हते. ते खरोखर जिथे गेले होते त्या देशाचं नाव तिसऱ्याला उच्चारता येईना, म्हणून त्याने ते गाळलं.

शंकररावांचं गाव सातारच्या डोंगरातलं. ते धरणात गेलं तेव्हा शंकरराव शाळेत होते. कारकून घरोघर फिरून बुडणाऱ्यांची यादी करत होते, नेमके त्या दिवशी शंकररावांचे आईवडील लेकीला बाळंतपणासाठी आणायला गेले होते. वहीत 'घर बंद' अशी नोंद झाली. चुलत्यांना विट्याकडच्या माळावर जमीन मिळाली, यांना मिळाली नाही. वडील जन्मभर कचेरीचे जिने चढले. "गाव पाण्याखाली गेलं वो सर, पर सरकारच्या लेखी आमी तिथं कवा ऱ्हातच नव्हतो," शंकरराव सांगायचे. या घराने मुलांना एकच शिकवण दिली. यादी कुठलीही असो, आपलं नाव आधी घालायचं. कशाची आहे ते मागाहून बघायचं. फौजेतही ते तसेच गेले. मैदानात रांग दिसली, हे उभे राहिले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या पलटणीला संयुक्त राष्ट्रांची निळी हेल्मेटं घालून आफ्रिकेतल्या एका देशात पाठवण्यात आलं. तिथे सरकार होतं, पण ते राजधानीच्या विमानतळापासून हाकेच्या अंतरापर्यंतच. बाकी देश हातात बंदूक असलेल्यांचा. गावं सोडून पळालेली माणसं पलटणीच्या कुंपणाशेजारी ताडपत्र्या बांधून राहायची. त्यांच्यात देंग नावाचा शिंपी होता, बायको आणि तीन मुली. हाताने फिरवायच्या मशीनवर तो जवानांच्या बाह्या शिवायचा, बदल्यात साबण न्यायचा. शंकररावांनी त्याला मोडकंतोडकं हिंदी शिकवलं. तो यांना 'बडा भाई' म्हणायचा, आणि हे त्याच्या शिलाईला नावं ठेवायचे. "एक बाही लांब, एक आखूड. म्हटलं, अरं गड्या, माझ्या सदऱ्यात काय दोन येगळी माणसं बसवलीस व्हय तू?"

मग कुठल्यातरी थंड शहरात करार झाला. देशात शांतता नांदते आहे असं ठरलं, आणि शांतता असताना छावणी बरी दिसत नाही, म्हणून ती रिकामी करायचं ठरलं. स्वेच्छेने गावी परतणाऱ्यांनी नावं द्यावीत, अशी सूचना लागली. देंग दोन दिवस घुटमळला. शेवटी त्याने बडा भाईला विचारलं, नाव देऊ का? शंकररावांनी क्षणाचाही विचार केला नाही. "लिख. सबसे पहले लिख." देंगचं नाव पहिल्या पानावर आलं. यादी झाडाला टांगली गेली, कुणीही वाचावी अशी. चौथ्या दिवशी ट्रक गेले. पुढच्या आठवड्यात देंगचं गाव असलेल्या मुलखात पुन्हा गोळीबार सुरू झाल्याचं वायरलेसवर आलं. महिन्याभरात पलटणीची मुदत संपली आणि शंकरराव सांगलीला परतले.

हे त्यांनी मला सांगितलं ते ओळख होऊन चार वर्षं झाल्यावर, माझं इंग्रजी बरं आहे याची खात्री पटल्यावर. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्याचा एवढाच खरा उपयोग झाला. दर तीन महिन्यांनी आम्ही ती छावणी चालवणाऱ्या मोठ्या परदेशी कार्यालयाला पत्र लिहायचो. देंग, शिंपी, बायको, तीन मुली, ट्रक अमुक, पोचले का? उत्तर गुळगुळीत कागदावर यायचं. आपल्या आस्थेबद्दल आभार. मात्र व्यक्तींची माहिती गोपनीय असल्याने... शंकरराव कागद उलटून मागची कोरी बाजूही बघायचे. "झाडाला टांगली तवा न्हवती गोपनीय?"

एकदा साताऱ्याच्या एका कॉलेजात विस्थापनाच्या धोरणावर परिसंवाद होता. माजी सैनिक म्हणून यांना बोलावलं, पदकं लावून या असंही कळवलं. मी सोबत गेलो. पाहुणे विद्वान होते. 'भंगुर राज्यसंस्था' हा शब्द ते इतक्या प्रेमाने उच्चारत होते की असं एखादं राज्य आपल्याकडेही असावं असं वाटू लागलं. स्वेच्छेने परतणं हाच टिकाऊ उपाय, असा त्यांनी समारोप केला. शंकरराव उभे राहिले. "साहेब, सोइच्छा म्या इचारली हुती एकाला. त्यो म्हणाला, तुमी सांगाल तसं. आन् म्या सांगितलं." ते तसेच उभे राहिले, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग शाल आली.

परतीच्या एसटीत कऱ्हाड आल्यावर त्यांनी शाल घडी करून पिशवीत घातली. नंतर म्हणाले, "सर, टाळ्या कशाला वाजवल्या वो?"

"नीट ऐकू गेलं नसेल," मी म्हणालो.

शेवटच्या वर्षी त्यांचा हात फार कापायचा. ते अधूनमधून दवाखान्यात असायचे, भेटायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "आलं का?" एक कबूल करतो. ते उत्तर मी घरी दहा मिनिटांत तयार करू शकलो असतो. कुटुंब सुखरूप पोचलं, मुली शाळेत जातात, शिक्क्यासकट. दोनदा तसा बसलोही. पण यादीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आणखी एक खोटा कागद द्यायला हात धजेना. हा माझा प्रामाणिकपणा की नुसता भित्रेपणा, ठाऊक नाही. ते "न्हाई व्हय?" म्हणून भिंतीकडे वळायचे.

परवा वहिनी एक पाकीट घेऊन आल्या. "तुमच्यासाठी ठिवलंय म्हणाले हुते." आत बारा कोरे कागद होते. प्रत्येकाच्या तळाशी त्यांची सही, पहिलीतली अक्षरं ओळखू येतात, बाराव्या कागदावर नुसती थरथर आहे. हात चालतोय तोवर त्यांनी पुढच्या तीन वर्षांची सोय करून ठेवली होती.

मेलेल्या माणसाचा अर्ज कुठल्याही कार्यालयात चालत नाही, हे मला माहीत आहे. जिवंतपणी तरी तो कुठे चालला होता... वहिनी दारातच उभ्या होत्या. "काय व्हतं का बघा सर," त्या म्हणाल्या. काही होणार नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. वरचा कागद प्रिंटरमध्ये सरकवला आणि आजची तारीख घातली.