शेजारच्या काकूंचे पाहुणे

आमच्या शेजारच्या काकूंना जगात एकही माणूस परका नव्हता; जो परका वाटे, त्याची फक्त चौकशी व्हायची राहिलेली असे. जालन्याहून अंबडला येणाऱ्या एसटीत त्या बसल्या, की गाडी गावात शिरेपर्यंत शेजारणीचं माहेर, सासर आणि गुडघेदुखी त्यांना पाठ झालेली असे. एकदा राँग नंबर लागला, तर पलीकडच्या बाईला लोणच्याची कृती सांगूनच त्यांनी फोन ठेवला. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "अगं, नंबर राँग होता, बाई थोडीच राँग होती?"

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बागेबद्दल मोबाइलवर भलतंसलतं फिरू लागलं. पोरं पळवणारी टोळी आलीय, कुणाच्या तरी गळ्यातलं ओढलं. कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी बाग ओस पडली. त्यात दाढी वाढलेला एक माणूस रोज पिशवी छातीशी धरून कडुलिंबाखाली बसू लागला. एका संध्याकाळी गल्लीतली चार-पाच तरणी पोरं त्याला 'विचारायला' निघाली. एकाच्या हातात दांडका होता.

काकू मला ओढत त्यांच्या आधी पोचल्या आणि थेट त्या माणसाशेजारी टेकल्या. "कोन्या गावचे, दादा?"

"हसनाबादचा, माय."

त्याची बायको समोरच्या दवाखान्यात होती. भेटीची वेळ होईपर्यंत तो इथं थांबायचा. पिशवीत तिचं लुगडं आणि बिस्किटाचा पुडा. काकू तिच्या माहेरापर्यंत पोचल्या, तोवर पोरं येऊन ठेपली.

"हे आमचे पाव्हणे," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बायको दवाखान्यात हाय यांची, अन् तुम्ही दांडके घेऊन येऊन राह्यले? ठेव तो खाली. जल्दी चहा घेऊन ये."

दांडकेवाला दांडका झाडाला टेकवून चहा आणायला गेला.

परतताना काकूंनी माझा हात धरला. तो घर येईपर्यंत सोडलाच नाही.

"काकू, भ्यालात?"

"मंग न्हाई का? पिशवीत काय असंल, मला काय ठावं!"

बायको बरी झाल्यावर ती दोघं काकूंकडे जेवूनच गावी गेली. बागेत हळूहळू पुन्हा बायका-मुलं दिसू लागली.

आता काकू मुलाकडे पुण्याला असतात. तिथल्या बागेला भलंमोठं फाटक, पहारेकरी, कॅमेरे. परवा फोनवर सांगत होत्या, "इथं बिलकुल भ्याव न्हाई गं. काल बाकावर एकीला गाव विचारलं, तर ती पर्स उचलून दुसरीकडं जाऊन बसली." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "तू बोल. काहीपण बोल."

मी बोलत राहिले. फोन ठेवणं दोघींच्याही जिवावर आलं होतं.