दसऱ्याची दाढी

पुरण अर्धं वाटून झालं होतं, तेवढ्यात अंगणातून "आई गं!" असा आवाज आला. अनसूयाबाई पाटा सोडून उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यापुढं त्यांना जाता येईना. सोवळ्यात होत्या, अंबाबाईचा नैवेद्य व्हायचा होता.

अंगणात अण्णाराव गालाला पंचा दाबून उभे. हातात मेहुण्यानं सोलापूरहून पाठवलेला नवाकोरा रेझर.

नवरात्रात या घरात कुणी तोंडाला वस्तरा लावत नसे. आज घट उठले, तसं अर्धं तुळजापूर न्हाव्याच्या दारात रांग धरून बसलेलं. उद्या एकादशी, म्हणजे उद्याही दाढी नाही. आणि उद्याच नळदुर्गची मंडळी शामलेला बघायला यायची होती. पोरीचा बाप असा अस्वलासारखा बसणार होय?

"कोरडीच ओढली ना?"

"पाणी लावलं की बोटभर."

"बोटभर पाण्यात डाळ भिजती का हो? नऊ दिवसांची दाढी ती! चुलीवर आधण आहे. शामले, बाबांना दे. पंचा भिजवून तोंडाला गुंडाळा, अन् जरा सबूर करा."

कचेरीत साहेबाशी हुज्जत घालणारे अण्णाराव मुकाट पंचा गुंडाळून बसले. मामंजींची दाढी करायला न्हावी ओसरीवर येई, तेव्हा गरम पाणी अनसूयाबाईच देत. बघून बघून सगळं पाठ झालेलं.

"आता फेस करा. लई करा, साबणाची कंजुषी नको. केस जिकडं झोपलेत तिकडंच चालवा. उलटा नको, उलटा नको!" त्यांनी हवेतच हात वरून खाली फिरवला. "अन् दाबू नका. लाटणं दाबलं की पोळीतलं पुरण बाहेर येतं."

"म्हणजे मी पोळी?"

"सध्या तरी फुटलेली."

पातं हलक्या हातानं उतरू लागलं. फेसाखालून गाल निघाला, मग हनुवटी. पुन्हा फेस, पुन्हा एक हात. शेवटी अनसूयाबाईंनी उंबऱ्यातूनच तुरटीचा खडा टाकला. तो ओला करून गालावर फिरवताच अण्णारावांनी डोळे घट्ट मिटले.

"पाहुण्यांनी ओरखडा विचारला तर?"

"मांजरीनं ओरबाडलं म्हणा."

"अन् मांजर दाखवा म्हणाले तर?"

"मी येतेच की साबुदाण्याच्या बशा घेऊन."

शामला खुदकन हसली. "बाबा, आता माणसात आलात!"

अण्णारावांनी आरशात दोनदा पाहिलं, गालावरून हात फिरवला. आता आंघोळ करून त्यांना आपट्याची पानं आणायला जायचं होतं.