हरेल त्यानं चहा करायचा

सुजाताचा फोन आला तेव्हा रविवारचे पावणेसहा झाले होते. एरवी या वेळेला तिचे वडील माझ्या दाराशी उभे असत. "काका, बाबा गेले," ती तिच्या इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठीत म्हणाली, आणि मग, "शांत गेले. म्हणजे... नर्स तसा म्हणाली." मी "बरं" म्हणालो. चाळीस वर्षांच्या मैत्रीच्या शेवटी मला सुचलेला हा एवढाच शब्द. फोन ठेवून सवयीनं टीव्ही लावला, मैदान दिसलं, आणि मी तो बंद केला. याला आता सात आठवडे झाले.

मिलिंद गायकवाड आणि मी एकाच सुमारास कॉव्हेंट्रीत आलो. तो मोटारीच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसला. मी कॉलेजच्या लायब्ररीत. आमची ओळख झाली एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीला. तो बोलणारा, मी ऐकणारा. क्रिकेटचं त्याला वावडं होतं. पण इथल्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले आणि एका नियमापायी हा माणूस त्या खेळाला कायमचा चिकटला. हंगामात जो संघ सगळ्यांत शेवटी राहतो, त्याला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. "अरे लायब्ररी, शेवटच्याला पहिला हात! कुठल्या देशात पाहिलास असा नियम?" मी म्हणालो, अमेरिकेत. "तिथंही फक्त मैदानावर," तो म्हणाला आणि स्वतःच मोठ्यानं हसला.

वर्षानुवर्षं जिंकत राहणाऱ्या संघाला त्या खेळात 'डिनेस्टी' म्हणतात. म्हणजे घराणंच. घराणं म्हटलं की मिलिंदच्या कपाळाला आठी पडायची, पण हे घराणं जन्मानं मिळत नाही म्हणून त्याला ते चालायचं. मग सगळ्यांत मोठं घराणं कोणतं? त्याचं उत्तर कधी बदललं नाही : सत्तरच्या दशकातलं पिट्सबर्ग. चाळीस वर्षं एकही विजेतेपद नाही, मग त्या शेवटच्याच्या पहिल्या निवडीनं माणसं जमवली आणि सहा वर्षांत चार वेळा जगज्जेते. "तळातून वर आलेलं घराणं आहे ते," तो म्हणायचा. सुरुवातीला मी सॅन फ्रान्सिस्कोची बाजू घ्यायचो, पुढं अमेरिकेतल्याच न्यू इंग्लंडची. हल्लीच्या काळात संघाच्या एकूण पगाराला मर्यादा, चांगला खेळाडू केव्हा हातचा जाईल याचा नेम नाही, आणि तरी वीस वर्षं शिखरावर राहणं... माझ्या मते त्याला तोड नव्हती.

आमचा एक नियम होता. वादात हरेल त्यानं दोघांचा चहा करायचा. हरलो असं कुणीच कधी म्हणालं नाही, त्यामुळे कुणीच दुसऱ्यासाठी चहा केला नाही. तो रविवारी यायचा, माझ्या स्वयंपाकघरात शेजारी उभा राहून स्वतःच्या पातेल्यात स्वतःपुरता चहा उकळायचा. ते एका कपाचं, दांड्याचं पातेलं त्यानं माझ्याकडेच आणून ठेवलं होतं. सुजाता लहानपणी आम्हाला हसायची. "दोन माणसं, दोन गॅस. सिली!"

गेल्या हंगामात मी त्याला गाठलं. म्हणालो, "तुझ्या पिट्सबर्गच्या काळी करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ सोडता येत नव्हता. मालक ठेवील तिथं राहायचं. तू वेठबिगारीवर उभं राहिलेलं घराणं डोक्यावर घेऊन नाचतोयस, मिलिंद." आयुष्यभर वेठबिगारीविरुद्ध बोललेला माणूस. तो कप विसळून म्हणाला, "याचं उत्तर आहे. शोधतो. तू पळू नकोस." मला फार आनंद झाला होता, हे आता लिहायला हवं.

पुढं दुखणं निघालं. त्यानं डॉक्टरांना सरळ सांगितलं, मला आकडे नकोत, जे असेल ते मुलीला सांगा. सुजातानं वॉर्डबाहेर मला गाठलं. "काका, वीक्स आहे. मन्थ्स नाही. बाबांना नको सांगू, ओके? त्यांना नाही ऐकायचा." मी मान हलवली आणि आत गेलो. तो उशीला टेकून बसला होता. "ये लायब्ररी. मिळालं बघ उत्तर," म्हणाला आणि सांगू लागला : माणसं बांधलेली असताना ती एकमेकांसाठी खेळली, मालकासाठी नव्हे, आणि... मध्येच धागा सुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सुटला. ते उत्तर लंगडं होतं. एरवी मी दोन वाक्यांत पाडलं असतं. पण त्याचे हात पाहिले आणि मी म्हणालो, "पटलं मला. पिट्सबर्गच मोठं."

त्यानं हळू विचारलं, "किती दिवस म्हणालेत?"

आकडा सांगायची गरज उरली नव्हती. जे डॉक्टरांकडून ऐकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, ते मी चार शब्दांत त्याला सांगून टाकलं होतं. "हरलास ना? मग चहा आण," तो म्हणाला. मी खालच्या मशीनमधून कागदी कपात चहा घेऊन आलो तेव्हा त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "रात्रभर विचार केला रे. न्यू इंग्लंडच." त्यानं डोळेही उघडले नाहीत. "राहू दे," म्हणाला. त्यानंतर अकरा दिवस तो होता. आम्ही हवेविषयी बोललो, सूपविषयी बोललो. वाद झाला नाही.

मागच्या आठवड्यात सुजाता येऊन गेली. स्वयंपाकघरात तिनं ते पातेलं उचललं. "ही पातेला बाबांची ना? मी नेऊ?" मी म्हणालो, "राहू दे." म्हणालो आणि तो शब्द कुणाचा ते ध्यानात आलं.

ते शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेलं आहे. आत एका कपाच्या उंचीवर चहाची तपकिरी रेघ आहे, ती घासूनही जात नाही. रविवारी सहाला मी माझा चहा माझ्या पातेल्यात करतो. वेठबिगारीच्या मुद्द्याला खरं उत्तर काय, ते मला अजून माहीत नाही. ते त्यालाच सापडलं असतं... मी पळालो नसतो तर.